प्रश्नचिन्हं झालेली नावं: एका पर्ल ॲप्लिकेशनचं प्रकरण

तक्रार दोन वाक्यांची होती. "सभासदांची नावं अधूनमधून प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. पान रिफ्रेश केलं की बहुतेक वेळा बरी होतात."

पहिलं वाक्य वाचून मी कामाला लागलो. उत्तर दुसऱ्या वाक्यात होतं, पण ते कळायला मला दीड दिवस लागला.

ॲप्लिकेशन जुनं, पर्लमध्ये लिहिलेलं. वेब सर्व्हर अपाची २.४, प्रीफोर्क पद्धतीनं चालणारा (आधीच तयार ठेवलेल्या अनेक चाइल्ड प्रोसेस रिक्वेस्ट हाताळतात), त्याच्या आतच पर्ल कोड चालवणारं मॉड-पर्ल २, मागे डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. सभासद नोंदणी, वर्गणी, पावत्या असा सरळ मामला. नावं मात्र तीन-चार लिप्यांत. पूर्वी सगळं एकाच मशीनवर नांदत होतं. काही महिन्यांपूर्वी ते हलवलं: दोन वेब सर्व्हर, डेटाबेस तिसऱ्या मशीनवर, मध्ये फायरवॉल. "हलवल्यापासून काही ना काही चालूच आहे," एवढंच मला सांगण्यात आलं. काय काय झालं आणि त्यावर कोणी काय उपाय केले, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती चूक माझी.

पर्लमध्ये अक्षरांचा घोळ म्हटला की हात आपोआप एन्कोडिंगकडे, म्हणजे अक्षरांचे बाइट कसे करायचे त्या नियमांकडे, जातो. कुठे दोनदा डीकोड केलंय, कुठे एकदाही नाही, टेम्प्लेट कोणत्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालंय, ब्राउझरला हेडर काय जातो, टेबलचा कॅरेक्टर सेट काय. सगळं तपासलं. टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये (सगळ्या लिप्या मावणारा सेट), हेडर बरोबर. जुन्या पर्ल कोडमध्ये एन्कोडिंगचे गुन्हे शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही; मलाही दोन सापडले, मी ते दुरुस्त केले, आणि प्रश्नचिन्हं होती तिथेच राहिली.

मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ॲप्लिकेशनचंच मॉड्यूल लोड करायचं, एकच सभासद पुन्हा पुन्हा वाचायचा आणि नाव बिघडलं की थांबायचं. कमांड लाइनवर ती तासभर चालली. एकदाही बिघाड नाही. तोच सभासद ब्राउझरमधून वीसेक वेळा उघडला की एकदा तरी प्रश्नचिन्हं. यावरून मी निष्कर्ष काढला की दोष अपाचीच्या थरात आहे. निष्कर्ष अर्धा बरोबर होता आणि त्यामागचं कारण पूर्ण चूक.

डेटाबेसमध्ये खरोखर काय आहे

दुसऱ्या दिवशी दुपारी जे पहिल्या तासात करायला हवं होतं ते केलं. पान काय दाखवतं ते बाजूला ठेवलं आणि डेटाबेसमध्ये बाइट कोणते आहेत ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, काढून पाहिलं. डोळ्यांना दिसणारं अक्षर टर्मिनल, ड्रायव्हर, फॉन्ट अशा चार हातांतून येतं. हेक्सला तसलं काही करता येत नाही.

ओळी तीन प्रकारच्या निघाल्या. बहुतेक ठिकाणी 'म' हे अक्षर ई०ए४एई असं होतं, म्हणजे अगदी नीट, तीन बाइटचं. काही ओळींत त्याच 'म'चे सहा बाइट झाले होते: सी३ए०सी२ए४सी२एई. आणि मोजक्या ओळींत सरळ ३एफ, म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह साठवलेलं.

ही तीन रूपं म्हणजे तीन वेगवेगळे इतिहास असतात, म्हणून इथे जरा थांबतो. मायएसक्यूएलमध्ये टेबलचा कॅरेक्टर सेट वेगळा आणि कनेक्शनचा वेगळा. कनेक्शन लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरता सेट) आहे असं सर्व्हरला वाटत असेल, तर देवनागरी नाव वाचताना सर्व्हर ते लॅटिन-१ मध्ये बदलायला जातो. तिथे 'म'ला जागा नाही, म्हणून तो प्रश्नचिन्ह पाठवतो. एका कोडपॉइंटला (अक्षर किंवा मात्रा) एक, 'मीना'ची चार. यात साठवलेल्या डेटाला काहीच होत नाही. बिघाड फक्त वाटेतला असतो, म्हणून दुसऱ्या कनेक्शनवरून वाचलं की नाव नीट दिसतं.

त्याच लॅटिन-१ कनेक्शनवरून लिहिलं तर उलट होतं. ॲप्लिकेशन यूटीएफ-८ चे तीन बाइट पाठवतं, सर्व्हर त्यांना लॅटिन-१ ची तीन स्वतंत्र अक्षरं समजतो आणि प्रत्येकाचं वेगळं यूटीएफ-८ करून साठवतो. ते सहा बाइट इथून आले. गंमत म्हणजे त्याच बिघडलेल्या कनेक्शनवरून हे नाव परत वाचलं तर ते अगदी बरोबर दिसतं, कारण जाताना झालेली चूक येताना उलटी फिरते. ज्यानं नोंद भरली त्याला ती ठीक दिसते, शेजारच्या टेबलावर तीच कचरा दिसते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. कोणीतरी सभासदाचा फॉर्म उघडला, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली, त्यांच्याकडे लक्ष न देता फोन नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. आता प्रश्नचिन्हं हाच डेटा झाला. पाहणाऱ्याला पहिला आणि तिसरा प्रकार सारखाच दिसतो, पण एकात नाव शाबूत आहे आणि दुसऱ्यात गेलेलं.

हे कळल्याबरोबर आधी एक काम केलं: नावात लागोपाठ दोन प्रश्नचिन्हं असतील तर सेव्ह नाकारायचं. गावठी उपाय, पण रक्त थांबवायला पुरेसा.

कोणतं कनेक्शन बिघडतं

म्हणजे काही कनेक्शन यूटीएफ-८ होती आणि काही लॅटिन-१. कोडमध्ये तर एकच जागा होती: डीबीआयचं (पर्लचा डेटाबेसशी बोलणारा थर) कनेक्ट, आणि लगेच पुढच्या ओळीत कनेक्शनचा कॅरेक्टर सेट ठरवणारी 'सेट नेम्स' ही आज्ञा. त्यानंतर हँडल, म्हणजे कोडच्या हातातली त्या कनेक्शनची मूठ, एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचं. अपाचीच्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसमध्ये हे एकदाच घडतं आणि तेच हँडल तिच्या अखेरीपर्यंत वापरलं जातं.

अशा मांडणीत पहिला संशय फोर्कवर, म्हणजे पेरेंट प्रोसेसमधून चाइल्ड जन्मते त्या क्षणावर, जातो. कनेक्शन चुकून पेरेंट प्रोसेसमध्येच उघडलं गेलं तर सगळी चाइल्ड एकाच सॉकेटवर बोलू लागतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. तसं असतं तर सगळ्यांचा थ्रेड-आयडी (मायएसक्यूएल प्रत्येक कनेक्शनला देतो तो क्रमांक) एकच दिसला असता. तो वेगवेगळा होता. संशय मिटला.

मग लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला तीन गोष्टी छापायला लावल्या: चाइल्डचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), ड्रायव्हरकडून मिळणारा मायएसक्यूएलचा थ्रेड-आयडी, आणि सर्व्हरला विचारून घेतलेला त्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट. अर्ध्या तासात चित्र समोर आलं. एका पीआयडीचा थ्रेड-आयडी सकाळपासून तोच, सेट यूटीएफ-८-एमबी-४. मधे सात मिनिटं त्या चाइल्डला काही काम नाही. पुढच्या रिक्वेस्टला पीआयडी तोच, थ्रेड-आयडी नवा, सेट लॅटिन-१. तिथून पुढे ती चाइल्ड मरेपर्यंत लॅटिन-१.

कनेक्शन बदललं होतं आणि ॲप्लिकेशनला त्याचा पत्ता नव्हता. कनेक्ट ज्या फंक्शनमध्ये होतं त्यात लावलेली लॉगची ओळ दुसऱ्यांदा छापलीच गेली नव्हती.

हे काम ड्रायव्हरचं. मायएसक्यूएलच्या डीबीडी ड्रायव्हरमध्ये ऑटो-रिकनेक्ट नावाचा पर्याय आहे. कनेक्शन तुटलेलं आढळलं तर ड्रायव्हर स्वतःच नवं उघडतो आणि क्वेरी पुन्हा पाठवतो. हा पर्याय मुळात बंद असतो. पण प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'मॉड_पर्ल' किंवा 'गेटवे_इंटरफेस' यांपैकी एक व्हेरिएबल असेल, म्हणजे आपण वेब सर्व्हरखाली चाललोय असं दिसलं, तर ड्रायव्हर तो आपणहून चालू करतो. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय. मी ते पूर्वी वाचलंही होतं. आठवलं मात्र नाही.

माझी कमांड लाइनवरची स्क्रिप्ट निर्दोष का चालली, त्याचं पहिलं कारण हे. तिथे ते व्हेरिएबल नाही, म्हणून ऑटो-रिकनेक्टही नाही. शिवाय ती स्क्रिप्ट क्षणभरही थांबत नव्हती, त्यामुळे तिचं कनेक्शन कधी तुटतच नव्हतं. ज्या दोन गोष्टी जुळून आल्या की दोष दिसतो, त्या दोन्ही मी स्वतःच्या हातानं काढून टाकल्या होत्या.

आता दोष मागवून घेता येत होता. स्क्रिप्टला एन्व्हायर्नमेंटमध्ये 'मॉड_पर्ल' दिलं, एकदा नाव वाचलं, दुसऱ्या खिडकीतून त्या कनेक्शनचा थ्रेड-आयडी घेऊन सर्व्हरवर 'किल' केलं, नाव पुन्हा वाचलं. चार प्रश्नचिन्हं. व्हेरिएबल काढून तेच केलं तर स्क्रिप्ट 'सर्व्हर हॅज गॉन अवे' म्हणत २००६ क्रमांकाच्या एररनं मेली. मला ही दुसरी स्क्रिप्ट जास्त आवडली.

ऑटो-रिकनेक्ट वाईट हेतूनं ठेवलेला नाही. पण मायएसक्यूएलचं कनेक्शन म्हणजे नुसती नळी नव्हे. सेट नेम्स, टाइम झोन, एसक्यूएल मोड, तात्पुरती टेबलं, यूझर व्हेरिएबलं, घेतलेली कुलपं, हे सगळं त्या कनेक्शनच्या पोटात असतं. नव्या कनेक्शनच्या पोटात यातलं काहीच नसतं. ५.७ च्या क्लायंट लायब्ररीचा मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन-१, म्हणून आमचं पोट लॅटिन-१ चं. जुन्या सीजीआय काळात प्रोसेस एक रिक्वेस्ट उरकून मरायची, तेव्हा या सोयीचा त्रास व्हायला वेळच मिळत नसे. मॉड-पर्लमधली चाइल्ड तासन् तास जगते.

आणखी एक धागा इथेच जुळला. पावत्यांच्या भागात नावं कधी बिघडत नसत, पण तिथे दिवसातून दोन-चारदा '२००६, सर्व्हर हॅज गॉन अवे' असं पान येई. ती तक्रार वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या तिकिटात पडून होती. पावत्यांचं हँडल ट्रान्झॅक्शनसाठी ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का करणं) बंद ठेवून उघडलेलं होतं, आणि ऑटो-कमिट बंद असताना ड्रायव्हर ऑटो-रिकनेक्ट करत नाही. दोन तिकिटं, दोन माणसं, दोष एक. पावत्यांचा भाग ओरडत होता आणि नावांचा भाग गप्प राहून डेटा खराब करत होता. ओरडणाऱ्याची तक्रार "कमी महत्त्वाची" म्हणून नोंदवलेली होती, हेही सांगून ठेवतो.

कनेक्शन मरतात कशानं

मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन 'वेट-टाइमआउट' इतक्या सेकंदांनी तोडतो. मूळ किंमत २८,८००, म्हणजे आठ तास. इथे तर सात मिनिटांच्या शांततेत कनेक्शन गेलं होतं. मी डेटाबेस मशीनवर मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टवर किंमत पाहिली: २८,८००. म्हणजे सर्व्हर तोडत नाही, मग फायरवॉलच, असं धरून नेटवर्कवाल्यांशी बोलण्यात अर्धा दिवस गेला. त्यांची रिकाम्या कनेक्शनची मर्यादा एक तासाची निघाली. तरी सात मिनिटांचा हिशेब लागेना.

घोळ माझ्या पाहण्यात होता. साध्या 'शो व्हेरिएबल्स'मध्ये दिसते ती माझ्या स्वतःच्या सेशनची किंमत. प्रॉम्प्टवर बसलेल्या माणसाचं सेशन 'इंटरॲक्टिव्ह' मानलं जातं आणि त्याचा वेट-टाइमआउट 'इंटरॲक्टिव्ह-टाइमआउट'वरून भरला जातो. ॲप्लिकेशनला लागू होते ती ग्लोबल किंमत. ती 'शो ग्लोबल व्हेरिएबल्स'नं विचारली तेव्हा समोर आलं: ३००.

पुरावा वेब सर्व्हरवरही पडून होता. ३३०६ पोर्टच्या सॉकेटांची यादी काढली तर डझनभर क्लोज-वेट अवस्थेत. म्हणजे पलीकडच्यानं फोन ठेवलाय आणि अलीकडचा रिसीव्हर कानाला लावून बसलाय.

पाच मिनिटांची ही मर्यादा कोणी, का ठेवली? इथे पहिल्यांदा मी सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे जाऊन बसलो आणि हलवल्यापासूनचा सगळा इतिहास विचारला.

"ते मीच केलंय," तो म्हणाला. "आणि त्यानंतर सगळं थांबलं. ते तेवढं हलवू नका हं."

सगळं म्हणजे काय, ते उलट क्रमानं उलगडत गेलं.

वेट-टाइमआउट ३०० वर आणला, कारण रोज दुपारी १०४० क्रमांकाची 'टू मेनी कनेक्शन्स' एरर येत होती आणि प्रोसेसलिस्ट पाहिली तर बहुतेक कनेक्शन 'स्लीप'मध्ये. झोपलेल्यांना हाकललं की जागा होते, इतकं सरळ.

त्याआधी त्यानं कनेक्शनची कमाल मर्यादा वाढवून पाहिली होती. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१. त्यानं कॉन्फिगमध्ये ६०० लिहून सर्व्हर रीस्टार्ट केला. एरर कमी झाल्या, गेल्या नाहीत. ६०० कनेक्शन भरतात तरी कशी, हे त्याला कोडंच होतं. ती भरत नव्हतीच. सुरू होतानाच्या एरर लॉगमध्ये एक वॉर्निंग होती: मागितली ६००, दिली २१४. हा २१४ आकडा एकदा भेटला की विसरत नाही. प्रोसेसला फक्त १,०२४ फाइल उघडायची परवानगी असली, की मायएसक्यूएल त्यातल्या १० स्वतःसाठी ठेवतो, टेबल कॅशच्या किमान ४०० जागांसाठी प्रत्येकी २ धरून ८०० बाजूला काढतो, आणि उरलेल्या २१४ कनेक्शनना देतो. सहकाऱ्यानं लिमिट्सच्या फाइलमध्ये मर्यादा वाढवूनही पाहिली होती, पण ती फाइल लॉगिन सेशनना लागू होते. लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा सिस्टमडी सुरू करतो त्या सर्व्हिसची मर्यादा सर्व्हिसच्याच फाइलमध्ये द्यावी लागते.

पण कनेक्शन इतकी लागायला का लागली? कारण त्याच्याही आधी अपाचीच्या चाइल्डची कमाल संख्या दर सर्व्हरला ३५ वरून १५० केली होती. प्रत्येक चाइल्डकडे दोन हँडलं, एक साधं आणि एक पावत्यांचं. ३५ चाइल्ड, २ सर्व्हर, २ हँडलं: १४०, म्हणजे १५१ च्या आत. १५० केल्यावर तोच गुणाकार ६०० होतो.

आणि चाइल्ड का वाढवल्या? अपाचीच्या लॉगनं तसं सुचवलं म्हणून. मर्यादा भरली की अपाची लॉगमध्ये तसं नोंदवतो आणि पुढे मर्यादा वाढवण्याचा विचार करा असा सल्लाही देतो. लॉगनं माहिती द्यावी, सल्ला देऊ नये, असं माझं मत आहे. चाइल्ड भरत होत्या रोज सकाळी, पहिल्या अर्ध्या तासात.

मूळ इथे होतं. रात्री ॲप्लिकेशन कोणी वापरत नाही. एक तासानं फायरवॉल रिकामी कनेक्शन विसरून जातो आणि दोन्ही टोकांना ते कळवतही नाही. रिकाम्या कनेक्शनवर अधूनमधून टिचकी मारणारा लिनक्सचा टीसीपी कीप-अलाइव्ह ही विस्मृती टाळू शकला असता, पण त्याची पहिली टिचकी मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पडते; तोवर फायरवॉल विसरलेला असतो. सकाळी पहिला माणूस पान उघडतो, चाइल्ड जुन्या कनेक्शनवर क्वेरी लिहिते, पाकीट फायरवॉलपाशी गुपचूप टाकून दिलं जातं. लिनक्स तेच पुन्हा पाठवत राहतो, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत, मूळ सेटिंगप्रमाणे १५ वेळा. हार मानायला ९२४.६ सेकंद लागतात. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ ती चाइल्ड अडकून पडते. माणूस वाट बघत नाही. तो रिफ्रेश करतो आणि दुसरी चाइल्ड अडकवतो. पाच-सहा माणसांनी असं केलं की पस्तीस चाइल्ड संपल्या.

जुन्या मशीनवर हे कधी झालं नाही, कारण तिथे होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' होतं, आणि मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी त्याचा अर्थ युनिक्स सॉकेट, म्हणजे त्याच मशीनच्या आतली जोडणी, असा घेते. मध्ये नेटवर्कच नव्हतं, मग विसरणार कोण?

वेट-टाइमआउट ३०० केल्यावर सकाळचा त्रासही थांबला, हे तर ओघानंच आलं. डेटाबेस आता पाच मिनिटांतच, फायरवॉल जागा असताना, रीतसर निरोप देऊन कनेक्शन बंद करतो. क्लायंटला तुटल्याचं लगेच कळतं. औषध खरंच लागू पडलं होतं, म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही. फक्त त्यामुळे कनेक्शन दिवसातून शेकडो वेळा तुटू लागलं आणि ऑटो-रिकनेक्ट दर वेळी ते गुपचूप सांधू लागला. चाइल्डची संख्या वाढवल्यानं त्यात भरच पडली: तेवढंच काम जास्त जणांत वाटलं गेलं, त्यामुळे एकेकीची पाच मिनिटं रिकामी जाण्याची शक्यता वाढली.

काय बदललं

सहकाऱ्याला दिलेला शब्द पाळून वेट-टाइमआउटला सगळ्यात शेवटी हात लावला.

आधी ऑटो-रिकनेक्ट कनेक्टच्या पर्यायांत स्पष्टपणे शून्य केला. ग्लोबल हँडल काढून टाकलं. आता प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला डीबीआयचं कनेक्ट बोलावलं जातं आणि अपाची-डीबीआय हे मॉड्यूल त्या चाइल्डचं जपलेलं कनेक्शन परत देतं. देण्यापूर्वी ते पिंग करून बघतं, मेलेलं असलं तर नवं उघडतं. हे मॉड्यूल आधीपासून लोड केलेलं होतं, पण कनेक्ट आयुष्यात एकदाच बोलावलं जात असल्यामुळे शोभेपुरतं होतं. ऑटो-रिकनेक्ट चालू ठेवून नुसतं पिंग करण्यात अर्थ नसतो, हे इथे नोंदवायला हवं: पिंगच गुपचूप नवं कनेक्शन उघडतो आणि सगळं ठीक असल्याचं सांगतो.

सेट नेम्सची वेगळी ओळ काढून ती आज्ञा ड्रायव्हरच्या 'इनिट-कमांड' पर्यायात दिली. म्हणजे कनेक्शन कधीही, कुठल्याही वाटेनं उघडो, ती त्याच्याबरोबर चालते. ड्रायव्हरचा यूटीएफ-८ चा पर्याय चालू करणं जास्त नीटनेटकं झालं असतं, पण त्यानं वाचलेल्या स्ट्रिंग आधीच डीकोड होऊन येतात, आणि या कोडमध्ये हातानं डीकोड करणाऱ्या ओळी जागोजाग पसरलेल्या. ते स्वतंत्र काम आहे, वेगळ्या आठवड्याचं.

पावत्यांचं दुसरं हँडल गेलं. तोच एक हँडल वापरून ट्रान्झॅक्शनपुरतं 'बिगिन-वर्क' बोलावलं तर काम भागतं. हे करताना पावती क्रमांक देणाऱ्या कोडमध्ये मायएसक्यूएलचं 'गेट-लॉक' सापडलं. साध्या हँडलवर. रिकनेक्ट झाला की हे कुलूप सुटतं आणि दोघांना एकच क्रमांक मिळू शकतो. क्रमांकाच्या कॉलमवर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ न देणारी) होती म्हणून निभावलं. ज्यानं ती की ठेवली त्याचे मनोमन आभार मानले.

लिनक्सचा कीप-अलाइव्ह ६०० सेकंदांवर आणला आणि ड्रायव्हरला कनेक्ट व रीड टाइमआउट दिले, म्हणजे पाकीट हरवलंच तरी पंधरा मिनिटांचा मुक्काम नको. रीड टाइमआउट तोकडा ठेवला तर मोठे अहवाल मध्येच मरतात; तो किती असावा यावर आमचा बराच वाद झाला आणि शेवटी अहवालांना वेगळा दिला.

चाइल्डची मर्यादा ५० केली. स्टेटसच्या पानावर एका वेळी खरोखर कामात असलेल्या चाइल्ड कधी त्याच्या जवळपासही गेल्या नव्हत्या. दोन सर्व्हर, प्रत्येक चाइल्डला एक हँडल: १००. म्हणजे मायएसक्यूएलची मूळ १५१ ची मर्यादाही पुरली असती. फाइलची मर्यादा सर्व्हिसच्या फाइलमध्ये तरीही दुरुस्त केली, कॉन्फिगमध्ये लिहिलेला आकडा आणि खरा आकडा एक असावा म्हणून. मग वेट-टाइमआउट ३,६०० केला. सहकारी दोन सकाळी लवकर येऊन बसला होता. काही झालं नाही.

डेटा दुरुस्त करायला मात्र या सगळ्याहून जास्त वेळ गेला. सहा बाइटवाल्या ओळी परत आणता येतात: लॅटिन-१ मध्ये बदलायचं, ते बायनरी समजायचं, त्यालाच यूटीएफ-८-एमबी-४ म्हणायचं. पण हीच क्वेरी नीट असलेल्या नावावर चालवली तर त्याचीच प्रश्नचिन्हं होतात. म्हणून आधी हेक्समधल्या ठशावरून ओळी निवडल्या, देवनागरीसाठी सी३ए०सी२ए४. प्रत्येक लिपीचा ठसा वेगळा. निवडलेल्या ओळींची प्रत वेगळ्या टेबलात ठेवली, बदल ट्रान्झॅक्शनमध्ये केला आणि कमिटपूर्वी डोळ्यांनी वाचून घेतला.

प्रश्नचिन्हंच साठवलेल्या ओळींत मूळ नावाचा अंशही उरलेला नव्हता. सुदैवानं रेप्लिकेशनसाठी (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणं) बायनरी लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, चालू होता, तोही रो पद्धतीचा. त्यात प्रत्येक बदलाआधीची अख्खी ओळ नोंदलेली असते. प्रश्नचिन्हं ज्या क्षणी सेव्ह झाली, त्याच नोंदीत बदलापूर्वीचं नाव शाबूत होतं. जुने लॉग जागा करण्यासाठी काढून टाकलेले होते, त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांतली नावं तिथे मिळाली नाहीत; ती बॅकअपमधून आली. जे सभासद त्याच काळात नव्यानंच नोंदले गेले आणि पुढच्या बॅकअपआधीच प्रश्नचिन्हांसह पुन्हा सेव्ह झाले, अशांपैकी काही कशातच सापडले नाहीत. त्यांची यादी कार्यालयाला दिली, त्यांनी फोन करून नावं विचारून घेतली.

थ्रेड-आयडी बदलला की एक ओळ लिहायची, ती लॉगची सोय मी काढली नाही. पुढच्या तीन महिन्यांत तिथे दोनच वेळा ओळी आल्या. दोन्ही वेळा डेटाबेस रीस्टार्ट केलेला होता.